एकेचाळीस नंबरची प्लेट

"एकेचाळीस," ती म्हणाली. "आत्याबाई. लिहा, दूषण." आणि तिने प्लेट टाकाऊ डब्याकडे नेली. डब्याचं झाकण पायाने दाबून उघडं धरलेलं होतं. भाऊंच्या पेनाचा आवाज आला नाही. सकाळपासून रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू वाढवलेल्या चाळीस प्लेटा वाचून झाल्या होत्या आणि चाळीस वेळा तो आवाज आला होता, कोरडा, घाईचा. तिने चमकून मागे पाहिलं. भाऊ प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, बावीस वर्षं तिच्याबरोबर. ते वहीवर बोट ठेवून बसले होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. "टाकू नका मॅडम," ते म्हणाले. "एकेचाळीस म्हणजे तुमच्या मावशी आहेत."

नमुन्यावरचं नाव आधी वाचायचं नाही, हा तिचा नियम होता. तिचा म्हणजे तिच्या सरांचा. नाव वाचलं की डोळा बाजू घ्यायला लागतो, सर म्हणायचे. आधी नंबर, मग जंतू, माणूस सगळ्यात शेवटी. पंचवीस वर्षांपूर्वी ऐकताना हे तिला जरासं निर्दय वाटलं होतं आणि मनापासून आवडलंही होतं. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली. कशाने गेली, तर तापाने. मोठी झाल्यावर तिने ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने हेच उत्तर दिलं, आणि ते उत्तर नव्हतं, दार लोटून घेतल्याचा आवाज होता. तापाला आत कुणीतरी असतं. त्याला आकार असतो, तो अमुकच खातो, अमुकच औषधाने मरतो. मावशीने तिला वाढवलं, शिकवलं, आणि ती औषधं देणारी डॉक्टर न होता बाटल्या-प्लेटांची झाली तेव्हा मावशी शेजारपाजारच्यांना सांगायची, "आमची डॉक्टरीण औषध देत नाही. रोगाचं नाव तेवढं सांगते, तेसुद्धा दोन दिवसांनी." आता ते दोन दिवस डब्याच्या तोंडाशी धरलेले होते. तिने पाय उचलला. झाकण खाडकन पडलं.

बुधवारी सकाळी मावशीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. संध्याकाळी ती भेटून आली तेव्हा मावशी पट्टीखालून हसत होती. मग ती दुसऱ्या गावी विद्यार्थ्यांच्या परीक्षा घ्यायला गेली आणि गुरुवारी उशिरा परतली. त्याच बुधवारच्या रात्री मावशीचा डोळा ठणकायला लागला असणार, पहाटे आतलं पाणी सुईने काढून बाटलीत घातलं असणार, आणि मावशीने वॉर्डातल्या सगळ्यांना दटावलं असणार की पोरीला फोन करायचा नाही, ती कामाला गेलीय. हे सगळं तिला कुणी न सांगता कळलं. प्लेट तिने खिडकीच्या उजेडात धरली. आत्याबाई हे नाव भाऊंनीच ठेवलेलं. न कळवता येणार आणि आल्या की पदर पसरून अख्खी प्लेट अडवून बसणार, अशी कोरडी, खरखरीत, घासलेल्या काचेसारखी वाढ, कडा वेड्यावाकड्या धावणाऱ्या. हा जंतू धुळीत असतो, कपाटावर असतो, बाहीवर असतो. रुग्णाच्या नमुन्यात दिसला तर तो रुग्णाचा नसतो, आपल्या हाताळणीतून पडलेला असतो, म्हणून दूषण. हेच पुस्तकात होतं, हेच ती वर्गात शिकवायची. पण प्लेटमधला थर रक्त घालून केलेला होता, लाल; आणि वाढीभोवती तो लाल रंग नाहीसा होऊन पाण्यासारखं स्वच्छ कडं पडलं होतं. हा जंतू रक्त खात होता. कडं बोटाच्या पेराएवढं रुंद होतं. ते न दिसण्यासारखं नव्हतं.

"भाऊ, मागची पानं काढा. डोळ्यांचे नमुने."

सोळा दिवसांपूर्वीचा एक होता. व्यवसायाच्या रकान्यात गवंडी. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी डोळा पिकला. वाढ: दूषण, महत्त्व नाही. सही तिची. आठ दिवसांपूर्वीची एक निवृत्त शिक्षिका. वाढ: दूषण, महत्त्व नाही. सही तिची. दोन्ही सह्या सारख्याच सुबक होत्या. गवंड्याच्या प्लेटला कडं होतं का, हे भाऊंना आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. त्या दिवशीही खिडकीतून असाच उजेड येत होता, प्लेट फिरवताना ते कडं एकदा चमकलं होतं, आणि तिच्या मनात एक अर्धवट प्रश्न आला होता, जिन्यावर कुणाचं तरी पाऊल वाजावं आणि दार न ठोठावताच परत जावं तसा. मग पुढचा नंबर आला.

तिने आधी डोळ्यांच्या वॉर्डात फोन केला आणि ह्या जंतूवर चालणारं औषध आत्ताच्या आत्ता सुरू करा म्हणून सांगितलं. पलीकडे डोळ्यांचे सर्जन होते. "पण तुमचा रिपोर्ट दूषणाचा येतो नेहमी," ते म्हणाले. "ह्याचा रिपोर्ट अजून मी लिहिलेला नाही," ती म्हणाली. मग ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे साहेब म्हणत. चष्मा कपाळावर चढवून ते काहीतरी वाचत होते.

"बस. मावशींचं कळलं मला. फार वाईट झालं."

"साहेब, सोमवारची डोळ्यांची ऑपरेशनं थांबवायला हवीत. नऊ जण आहेत यादीत."

"कशाच्या जोरावर?"

"तीन डोळे गेले. तिन्हींत एकच जंतू आहे."

"तिन्हींत आत्याबाई आहेत," साहेब म्हणाले. नाव त्यांच्याही कानावर होतं. "डोळे सोड. गेल्या सहा महिन्यांत बाकीच्या नमुन्यांत आत्याबाई कितीदा आल्या, मोजलंस?"

"अकरा वेळा."

"ती अकरा माणसं आत्याबाईंनी आजारी पडली होती? नव्हती. कुणाला काही नव्हतंच, कुणाचं दुखणं भलतंच निघालं. सगळी चालत घरी गेली. अकरा वेळा दूषण कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि बरोबर लिहिलंस. मग तुझ्या मावशीच्या डोळ्यात शिरल्यावर त्याच आत्याबाई एकदम दरोडेखोर कशा झाल्या?" त्यांचा आवाज चढला नव्हता. तसा तो कधीच चढायचा नाही. "तुझ्या जागी मी असतो तर मलाही तेच दिसलं असतं. म्हणून तर ठरवणारा मी आहे, तू नाहीस. मला चारही पायऱ्या सिद्ध करून दाखव. थिएटरला मी स्वतः कुलूप लावतो."

"सोमवारी आठला पहिला रुग्ण टेबलावर जाईल."

"मग सोमवारी आठच्या आधी दाखव."

चार पायऱ्या त्या दोघांनाही झोपेत म्हणता आल्या असत्या. जंतू प्रत्येक आजाऱ्यात सापडला पाहिजे आणि निरोग्यात सापडता कामा नये. तो वेगळा काढून एकटा वाढवता आला पाहिजे. तो निरोगी शरीरात घातल्यावर तोच आजार झाला पाहिजे. आणि त्या शरीरातून पुन्हा तोच जंतू हाती लागला पाहिजे. शंभराहून जास्त वर्षांचा नियम. सर फळ्यावर चार रेघा ओढायचे आणि तिसरीखाली खडू जोरात दाबायचे. ही रेघ फार महाग असते, म्हणायचे, ती कुणाच्या तरी अंगावर ओढावी लागते. सशाच्या, उंदराच्या, पूर्वीच्या काही वेड्यांनी स्वतःच्या. जिन्यावरून उतरताना ती मनात प्रयोगाच्या चौकटी आखत होती. कुठल्या प्लेटेला कुठली जोड लागेल, किती कोऱ्या बाटल्या. रडू येईल असं तिला वाटलं होतं. त्याऐवजी डोकं थंड आणि लख्ख झालं होतं, आणि ह्याचीच तिला थोडी लाज वाटली.

मावशी पलंगावर टेकून बसली होती. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, उजव्या डोळ्यात अजून जुना मोतीबिंदू. "तूच ना?" ती म्हणाली. "पाय आपटत चालतेस म्हणून ओळखलं. किती पोरं नापास केलीस?"

"एकही नाही."

"मऊ पडायला लागलीस."

"मला फोन का नाही केलास गं?"

"केला असता तर काय आली असतीस उडत?" मावशीने हात पुढे केला आणि हवेतच तिचं मनगट अचूक पकडलं. चाळीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. ओळीतून निसटलेला अनुस्वार तिला हातभरावरून दिसायचा. "उद्या दुपारी काढणार म्हणतात डोळा. किडका दात काढावा तसा, म्हणाला तो मुलगा. सर्जन गं, मुलगाच आहे तो माझ्यापुढे. नाहीतर पू मागे सरकेल म्हणे."

"दुखतंय का?"

"दुखत नाही, ठणकतंय. दोन्ही वेगळं असतं. मी विचारलं त्याला, कशाने झालं? तर म्हणाला, तुमच्या भाचीला विचारा. तर सांग. कशाने झालं?"

"अजून माहीत नाही."

"मग इथे काय करतेस? जा की," मावशी म्हणाली आणि तिचं मनगट सोडून दिलं.

पहिला प्रश्न साधा होता. जंतू डोळ्यातून आला की प्रयोगशाळेतून? डोळ्यातलं पाणी थेंबभरच मिळतं, म्हणून ते आधी पोषक रसाच्या छोट्या बाटलीत घालत. बाटलीला रबरी बूच असतं. बूच पुसायचं, त्यातून सुई घालायची, रस गढूळ झाला की त्यातला थेंब प्लेटेवर पसरायचा. शुक्रवारी दुपारी तिने वीस बाटल्या घेतल्या आणि प्रत्येक गोष्ट रोजच्यासारखीच केली, फक्त सुईत डोळ्यातल्या पाण्याऐवजी निर्जंतुक पाणी होतं. सहा प्लेटा झाकण काढून हवेत ठेवल्या, कपाटावर, पंख्याखाली, भाऊंच्या टेबलावर. कोऱ्या बाटल्या कोऱ्याच राहिल्या की साहेबांपुढे ठेवायला पहिलं पाऊल मिळत होतं. शनिवारी सकाळी वीसपैकी तीन बाटल्या गढूळ होत्या. तिने काचेवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. लांबट, ठोकळ्यांसारख्या कांड्या, एकापुढे एक. आत्याबाई.

"साहेब जिंकले म्हणायचं," भाऊ हळूच म्हणाले. ती स्टुलावर बसली आणि बसूनच राहिली. निरोग्यात सापडता कामा नये, आणि इथे तर पाण्यात सापडला होता. ज्याला डोळा नाही, ताप नाही, मावशी नाही अशा पाण्यात. पहिलीच पायरी मोडून पडली होती. तिच्या आत कुणीतरी म्हणालं की चला, सुटलीस. म्हणजे गवंड्याचा रिपोर्ट बरोबरच होता, शिक्षिकेचाही, कडंबिडं काही नाही, डोळे आपोआप पिकले, पिकतात कधी कधी. तो आवाज समजूतदार होता. त्याच आवाजाने कुणीतरी तिच्या आजीला सांगितलं असेल की ताप होता. मग तिने हवेत ठेवलेल्या सहा प्लेटा ओढून घेतल्या, नुसतं काहीतरी करायचं म्हणून. त्यांच्यावर पिवळे ठिपके होते, पांढरे ठिपके होते, एक हिरवट बुरशी होती. आत्याबाई एकाही प्लेटेवर नव्हत्या. तिने सहाही पुन्हा तपासल्या. हवेत नाही, टेबलावर नाही, आणि बंद बाटलीत आहे. म्हणजे तो जंतू आपोआप पडलेला नव्हता. कुणीतरी तो घातला होता.

शनिवारी थिएटर बंद असे. तिथल्या मुख्य सिस्टरना तिने गळ घातली की बुधवारी जे जे केलंत ते सगळं मला करून दाखवा. "सुट्टीच्या दिवशी नाटक करायला लावताय," सिस्टर म्हणाल्या, पण हात धुऊन उभ्या राहिल्या. हत्यारांचा डबा, चादर, दिवा. "इथे सर्जन बसतात, इथे रुग्णाचं डोकं. आता डोळा आतून धुवायचं पाणी." त्यांनी पाण्याची बाटली घेतली, वरची पत्र्याची टोपी उचकटली, खाली रबरी बूच होतं. मग न बघताच शेजारच्या स्टीलच्या भांड्यात हात घालून त्यांनी स्पिरिटमध्ये भिजलेला कापसाचा बोळा काढला, भांड्याच्या काठाशी दोन बोटांनी पिळला, बुचावरून एकदा फिरवला, उलटून आणखी एकदा फिरवला, आणि नळीचं टोक बुचातून आत खुपसलं. सगळं मिळून चार सेकंदांत झालं.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

"अहो, बरोबरच आहे ते."

"बरोबर आहे म्हणूनच म्हणते. पुन्हा करा."

सिस्टरनी पुन्हा केलं. तिला स्वतःचा हात दिसला. काल दुपारी वीस वेळा हाच हात, काठाशी अशीच पिळणारी दोन बोटं, एकदा फिरवून उलटून पुन्हा. इतका रोजचा की तिने लिहून काढलेल्या चौकटीत तो कुठेच नव्हता. बाटल्या होत्या, सुई होती, हवा होती, रस होता. बोळा नव्हता. "स्पिरिट कुठून येतं तुम्हाला?" तिने विचारलं. "स्टोअरमधून," सिस्टर म्हणाल्या. "मोठा कॅन येतो, तो नवा स्टोअरकीपर त्यात पाणी घालून बारक्या बाटल्या भरतो. नवा म्हणजे झाले की सहा महिने. तुमच्याकडेही त्याच जातात."

हा जंतू अडचणीत सापडला की बी धरतो. स्वतःभोवती कठीण कवच करून आत निजतो. उकळतं पाणी त्याला लवकर मारत नाही, वर्षं मारत नाहीत, आणि स्पिरिट तर मुळीच नाही. स्पिरिट जागे जंतू मारतं, निजलेल्या बिया त्यात खुशाल पोहत राहतात. हे शोधून काढायला तिला कुठे जावं लागलं नाही. दरवर्षी दुसऱ्या तासाला ती हेच शिकवायची, परीक्षेत विचारायची, आणि कुणी लिहिलं नाही तर दोन गुण कापायची. परवाच एका मुलीचे कापले होते. त्या मुलीने लिहिलं होतं की स्पिरिटमध्ये काहीही जगू शकत नाही. आणि ते तपासून ती परत आली, ओट्यावर स्पिरिटचं भांडं होतं, आणि ते भांडं स्वच्छच आहे असं धरून तिने वीस बुचं पुसली. माहीत असणं आणि हात ह्यांची एकमेकांशी कधी गाठच पडली नव्हती. तिने थिएटरचं भांडं बोळ्यांसकट उचललं. सिस्टर आपल्या बोटांकडे बघत होत्या.

दीड वाजता मावशीचा नमुना आला. काढलेल्या डोळ्याच्या आतला घट्ट, पिवळट गाळ, झाकणाच्या डबीत, लेबलवर नंबर बारा. ह्या वेळी नाव माहीत होतं, आणि डोळा बाजू घेईल ह्याची तिला भीती वाटत होती, म्हणून तिने भाऊंना म्हटलं, "मी हात चालवते, तुम्ही फक्त माझ्या हातांवर लक्ष ठेवा. मी चुकतेय असं वाटलं की तोंडावर सांगा." बर्नर पेटवला. आता बूच नाही, बोळा नाही, स्पिरिटला खोलीबाहेर काढलेलं. तारेचं कडं लाल होईपर्यंत तापवलं, निवू दिलं, गाळात बुडवलं, सरळ प्लेटेवर ओढलं. ह्याच डोळ्याने मावशी तिच्या शाळेच्या वह्या तपासायची, लाल पेन्सिलीने समासात बारीकशी खूण करायची आणि कधीच ओरडायची नाही; खूण पुरे असायची. तिने दुसरी रेघ ओढली. तिसरी. हात स्थिर होता. मग जोडीला दहा कोऱ्या बाटल्या, बूच उपसून, तोंड ज्योतीवरून फिरवून, तेच निर्जंतुक पाणी. आणि शेवटी स्पिरिट. थिएटरचं, प्रयोगशाळेचं आणि स्टोअरमधल्या न फोडलेल्या बाटलीचं, तीन भांडी. जंतूंपेक्षा बारीक छिद्रांच्या गाळणीतून एकेक ओतलं, वरून निर्जंतुक पाण्याने धुतलं, आणि कागदासारखी ती गोल गाळणी चिमट्याने उचलून प्लेटेवर ठेवली. "बावीस वर्षांत स्पिरिट गाळताना पहिल्यांदाच बघतोय," भाऊ म्हणाले. "साबण धुवायला घ्यावा तसं वाटतंय." ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी नऊ वाजता तिने साहेबांना आणि सर्जनना घरून बोलावून घेतलं. प्लेटा ओळीने मांडल्या, नंबर वर, नावं झाकलेली. साहेब चष्मा खाली ओढून एकेकीवर वाकले. नंबर बारा: एकच जंतू, दुसरं काही नाही, आणि भोवती ते कडं, स्वच्छ, रुंद. दहा कोऱ्या बाटल्या: पाण्यासारख्या. थिएटरच्या स्पिरिटची गाळणी: चौदा ठिपके. प्रयोगशाळेच्या: नऊ. स्टोअरच्या बंद बाटलीच्या: एकवीस. सगळे कोरडे, खरखरीत, सगळ्यांना कडं. "तुम्ही म्हणालात ते खरं होतं, साहेब," ती म्हणाली. "अकरा वेळा ते दूषणच होतं. माणसाच्या अंगात ते कधी गेलंच नव्हतं, मी बूच पुसताना बाटलीत जात होतं. थिएटरमध्येही बूच पुसत होते. पण ती बाटली डोळ्यात रिकामी होते."

साहेबांनी बारा नंबरची प्लेट उचलून उजेडात धरली. "तिसरी पायरी राहिली," ते अखेर म्हणाले, पण म्हणण्यात जोर नव्हता; नियम अपुरा राहू नये म्हणून म्हटल्यासारखं. "निरोगी शरीरात घालून आजार झाला पाहिजे."

"झालाय," ती म्हणाली. "तीनदा. तिघांचे डोळे निरोगीच होते. म्हणजे मोतीबिंदू सोडला तर."

सर्जन पुढे आले, त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. वयाने ते खरंच मुलगाच दिसत होते. "तो गवंडी," ते म्हणाले. "मी त्याला म्हटलं होतं, घाणेरडा हात लावला असशील डोळ्याला. नाही म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तुमचा रिपोर्ट दूषणाचा होता ना. मला वाटलं, म्हणजे त्याच्याच हाताचं." मग साहेबांनी फोन उचलला. थिएटर बंद, सगळ्या वॉर्डांतलं स्पिरिट परत, सोमवारच्या नऊ जणांना आजच कळवा. बोलताना ते बारा नंबरच्या प्लेटेकडे बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "काम स्वच्छ आहे." त्यांच्या तोंडून इतकं ऐकायला माणसं निवृत्तीपर्यंत थांबत. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती गवंड्याचा पत्ता वहीत शोधत होती आणि मग तिने वही मिटली, कारण आधी मावशीला सांगायचं होतं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा पाणी मागितलं. उशीवर तिचा चेहरा एका बाजूने लहान झाल्यासारखा दिसत होता. "स्पिरिट," ती शेवटी म्हणाली. "ज्याने पुसायचं त्यातच. बरं. आणि तू खाली मान घालून का बसलीयस?"

"सोळा दिवसांपूर्वीच्या प्लेटेवर कडं होतं. तेव्हाच धरलं असतं तर थिएटर तेव्हाच बंद झालं असतं. तुझं ऑपरेशन झालंच नसतं."

"तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. मी लिहिलं नाही."

बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत लांब गेलं. "रागवायचंय मला तुझ्यावर," मावशी म्हणाली. "पण आज अंगात जोर नाही. नंतर रागवेन, नीट. विसरेन असं समजू नकोस."

"नाही समजत."

"त्या गवंड्याला कुणी सांगितलं?"

"अजून कुणी नाही. साहेब म्हणतात पत्र जाईल."

"पत्र!" मावशी जवळजवळ बसती झाली. "चूक छापून गेली की आम्ही शुद्धिपत्र काढायचो. आणि ते काढून गठ्ठ्यात ठेवायचो नाही गं, ज्याच्या हातात पुस्तक गेलंय त्याच्या हातात नेऊन द्यायचो. तो बिचारा सोळा दिवस स्वतःच्या हाताला दोष देत बसला असेल. इथे मला पाणी पाजायला नर्सा आहेत. जा."

गवंडी तिसऱ्या मजल्यावर राहत होता. जिन्याचे कठडे नुकतेच कुणीतरी नीट गिलावा करून दुरुस्त केलेले होते. दार त्यानेच उघडलं. रुंद खांद्यांचा, साठीचा माणूस, डाव्या पापणीखाली खोबण. "प्रयोगशाळेतून आलेय," ती म्हणाली, तर म्हणाला, "अजून रक्त पाहिजे?"

"नको. सांगायला आलेय. तुम्ही डोळ्याला हात लावला म्हणून डोळा गेला असं तुम्हाला सांगितलं होतं. ते चूक आहे. जंतू दवाखान्याच्या स्पिरिटमध्ये होता, तिथून डोळ्यात गेला. तुमचा नमुना मी तपासला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी रिपोर्ट चुकीचा लिहिला."

तो तिच्याकडे बघत राहिला. एका डोळ्याने बघायची त्याला अजून सवय झाली नव्हती, मान जरा जास्त वळत होती. मग त्याने आत हाक मारली, "ए, ऐकलंस का? हात लावला नव्हता मी." आतून बाईचा आवाज आला, "कोण म्हणतंय?" "दवाखान्याची बाई म्हणतेय. स्वतः आलीय." आत भांड्याचा आवाज थांबला. बायको दारापर्यंत आली, तिच्याकडे न बघता नवऱ्याकडेच बघत उभी राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. "सोळा दिवस," ती एवढंच म्हणाली.

"मुलगा म्हणाला, सून म्हणाली, ही म्हणाली," गवंडी म्हणाला. "काम करून करून हात झाले आमचे असे, त्यांना काय वाटणार? शेवटी मलाही वाटायला लागलं, झोपेत लावला असेल. ओळंबा बघताना एक डोळा मिटतोच की आम्ही, त्याचं एवढं नाही. पण तुम्ही म्हणता लावला नव्हता."

"लावला नव्हता."

"मग लिहून द्या."

"रिपोर्ट नवा देणारच आहोत. उद्या—"

"रिपोर्ट आम्हाला वाचता येत नाही. साध्या भाषेत लिहा. आत्ता." त्याने बायकोला कागद आणायला सांगितला. टेबलावर पसारा होता तो त्याने हाताने बाजूला सारला, आणि ती उभ्याउभ्याच लिहायला लागली. आपल्या डोळ्याचा आजार आपल्या हातामुळे झाला नाही. जंतू स्पिरिटमध्ये होता. ह्याची तपासणी मी केली आहे. आधीचा रिपोर्ट चुकीचा होता. चार वाक्यं झाली. पाचव्याला ती थांबली, मग लिहिलं: चूक माझी. गवंड्याने कागद उचलून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि ओठ हलवत पहिल्या ओळीपासून वाचला. मधेच परत वर गेला आणि पहिली ओळ पुन्हा वाचली. तिने घाई केली नाही. मग त्याने कागद परत टेबलावर ठेवला आणि जाड बोट खाली टेकवलं.

"इथे सही करा," तो म्हणाला. "पण दवाखान्यात करतात तशी नको. नाव नीट वाचता यायला पाहिजे."

तिने नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, एकेक अक्षर सुटं.